पचडी शेवटच्या ताटापर्यंत कुरकुरीत राहिली पाहिजे



या पानावर आपण बहुतेक वेळा बचत, अंतर्गत कर्ज आणि हप्ते यांच्यावरच बोलतो. या वेळी जरा चुलीजवळ बसून बोलू. विषय साधा आहे, कोबीची पचडी. कुणी पानकोबी म्हणतं, नांदेडकडं पत्ताकोबी म्हणतात. देगलूर-बिलोलीकडच्या तेलुगू बोलणाऱ्या घरात पचडी म्हटलं की चटणीसारखा पदार्थ समोर येतो. आपल्या लेखात पचडी म्हणजे बारीक चिरलेली कच्ची भाजी, दाण्याचा कूट, लिंबू आणि वरून फोडणी.

तुम्ही म्हणाल, पचडी काय शिकवायची? लग्नाआधीपासून करतो आम्ही. खरं आहे. मीसुद्धा असंच समजत होते. मग लोहा तालुक्यातल्या एका गावात माझी चांगली फजिती झाली.

आहाराच्या बैठकीत करून दाखवायचं म्हणून मी सकाळीच पचडी कालवून डब्यात भरून नेली होती. मीठ, लिंबू, कूट सगळं घालून. बैठक अकराची होती. पण सोयाबीनच्या काढणीचे दिवस, बायका जमेपर्यंत साडेबारा वाजले. डबा उघडला तर खाली पाणी आणि वर लोळागोळा झालेली कोबी. मी ओशाळले. तेव्हा एक मावशी हसून म्हणाल्या, "पोरी, लाजू नको. मी जेवायला बसते तवा आमच्या घरची पचडी रोज अशीच असते."

सगळ्या हसल्या. घरी जाताना मात्र ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मावशी रोज पचडी करतात. घरातले पुरुष कुरकुरीत खातात, लेकरं खातात, सासूबाई खातात. मावशींच्या वाट्याला तळाचं पाणी येतं. किंवा तेही उरत नाही. आणि घरात त्या पचडीची सगळ्यात जास्त गरज कुणाला असते? मावशींनाच. कशी, ते आता बघू.

लोह मंजूर होतं, खात्यावर जमा होत नाही

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढला. तुमच्या गटात दहा जणी असतील तर त्यातल्या पाच-सहा जणी असू शकतात. जिना चढताना दम लागतो, खाली वाकून उठलं की अंधारी येते, सारखं थकल्यासारखं वाटतं, माती नाहीतर कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. आपण म्हणतो, कामानं थकवा आलाय. दर वेळी कामानंच आलेला असतो असं नाही.

रक्त तयार व्हायला लोह लागतं. आपल्या ताटात लोह नसतं असं बिलकुल नाही. १०० ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, ज्वारीत चारच्या आसपास. हरभरा, मटकी, तूर, पालेभाजी यांच्यातही असतं. मग अडतं कुठं?

आपण गटातलं उदाहरण घेऊ. बँकेनं कर्ज मंजूर केलं म्हणजे पैसे हातात आले का? नाही. ते खात्यावर जमा व्हावे लागतात. धान्या-डाळीतल्या लोहाचं तसंच आहे. ताटात आलं म्हणजे मंजूर झालं. पण धान्य आणि डाळींमध्येच असे काही घटक असतात, जे या लोहाला धरून ठेवतात. आतड्याला ते सहज घेता येत नाही. त्यातलं थोडंच रक्तात जमा होतं, बाकीचं तसंच बाहेर जातं.

हे अडकलेलं लोह सोडवायचं काम 'क' जीवनसत्त्व करतं. लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो, कच्ची कोबी यांच्यात ते असतं. पण ते लोहाच्या सोबतच पोटात गेलं पाहिजे. सकाळी भाकरी आणि दुपारी पेरू, असं केलं तर भाकरीतल्या लोहाला त्याचा उपयोग होत नाही. म्हणून भाकरी-वरणाच्या ताटातच पचडी हवी.

आणखी एक गोष्ट. 'क' जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, उष्णतेनं कमी होतं आणि भाजी चिरून ठेवली तरी हळूहळू कमी होतं. कोबीची भाजी करून शिजवली की त्यातलं बरंचसं जातं. म्हणून भाजी वेगळी, पचडी वेगळी.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. कोबीमध्ये स्वतःचं लोह फार नाही. कोबी खाऊन रक्त वाढतं असं कुणी सांगितलं तर ते अर्धंच खरं. कोबी आणि लिंबू हे वसुली करून देणारे आहेत, पैसा भाकरी-डाळीचा आहे.

बाजारातून आणताना आणि धुताना

कोबी थंडीत सगळ्यात चांगली मिळते आणि स्वस्तही असते. गड्डा उचलून बघा. आकाराच्या मानानं जड लागला पाहिजे आणि दाबल्यावर घट्ट. फुगीर, हलका गड्डा आतून पोकळ निघतो, त्याची पचडी चामट होते. वरची पानं पांढरट-पिवळी पडलेली नकोत.

गड्डा मधून उभा चिरू नका. चिरलेल्या बाजूनं तो सुकतो आणि काळा पडतो. लागतील तेवढी पानं बाहेरून एक-एक करून सोडवा. उरलेला गड्डा ओल्या सुती फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवा. फ्रिज नसला तरी थंडीत तो चार दिवस चांगला राहतो.

धुण्याकडं मात्र दुर्लक्ष चालणार नाही. एक तर कोबीवर अळीसाठी औषधांच्या फवारण्या होतात. दुसरं, कोबीची पानं एकात एक असतात, त्यात माती, अळ्या आणि कधी कधी जंतांची न दिसणारी अंडी अडकून राहतात. आपण ती शिजवून खाणार नाही, म्हणून काळजी जास्त.

पद्धत अशी. वरची दोन-तीन पानं काढून टाका, ती जनावरालाही घालू नका, फवारणी सगळ्यात जास्त त्यांच्यावरच बसलेली असते. मग आतली पानं सुटी करून मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा. मिठानं अळ्या आणि किडे सुटून वर येतात. पण मीठ सगळे जंतू मारत नाही, म्हणून नंतर प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी हातानं चोळून धुवा आणि शेवटचं पाणी पिण्याचंच वापरा.

पाणी जपून वापरायचं हे लातूरच्या बाईला मी काय सांगावं? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते दिवस तुमच्या अजून लक्षात आहेत. म्हणून पानं वाहत्या नळाखाली न धुता पातेल्यात धुवा. साधं धुतलेलं पाणी परसबागेत टाका. मिठाचं पाणी मात्र झाडाला घालू नका.

आणि लक्षात ठेवा, आधी धुवायचं, मग चिरायचं. चिरून धुतलं की 'क' जीवनसत्त्व पाण्यासोबत मोरीत जातं.

काय काय लागेल

पाच जणांच्या घरासाठी हे माप आहे:

पानकोबी पाव किलो, म्हणजे साधारण अर्धा छोटा गड्डा
एक गाजर
एक छोटा कांदा
दोन हिरव्या मिरच्या
मूठभर कोथिंबीर
एक मोठं रसरशीत लिंबू
शेंगदाण्याचा कूट तीन-चार चमचे
भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा
चवीला मीठ
फोडणीला दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, हळद

तेल घरात जे असेल ते. आपल्याकडं पूर्वी करडईचंच तेल होतं. अजूनही कुणाच्या घरी घाण्याचं करडई तेल असेल तर या पचडीला त्याची चव फार छान लागते. फोडणी नुसती चवीसाठी नाही बरं का. गाजरातलं 'अ' जीवनसत्त्व अंगी लागायला थोडं तेल लागतंच.

थंडीत आवळा मिळाला तर अर्धा आवळा किसून घाला. 'क' जीवनसत्त्व आवळ्यात लिंबापेक्षा कितीतरी जास्त असतं.

करायची पद्धत

पहिलं काम. धुतलेली पानं स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळून, हलकी दाबून कोरडी करून घ्या. या पायरीला बहुतेक जणी टाळाटाळ करतात. ओली पानं चिरली की पचडीला पहिल्यापासूनच पाणी सुटायला लागतं.

दुसरं. पानाच्या मधली जाड शीर काढून घ्या. ती फेकू नका, वरणात किंवा आमटीत टाका. मग चार-पाच पानं एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळी करा आणि विळीवर होईल तेवढी बारीक चिरा. किसणीवर किसू नका, किसल्यानं कोबीचा रस निघून ती लगेच मऊ पडते. गाजर मात्र किसलं तरी चालतं. कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरा.

तिसरं. छोट्या कढईत तेल तापवून मोहरी तडतडवा, हिंग-हळद घाला आणि कढई खाली उतरवा. पाच मिनिटं थांबा. कडकडीत फोडणी कोबीवर ओतली तर कोबी तिथंच नरम पडते. फोडणी कोमट झाली की कोबी, गाजर, कांदा, मिरची, कोथिंबिरीवर घालून हातानं हलकं कालवा.

बस. भांड्यात एवढंच. मीठ नाही, लिंबू नाही, कूटही नाही.

चौथं. एका छोट्या डबीत दाण्याचा कूट, मीठ आणि जिरेपूड एकत्र करून ठेवा. लिंबाच्या पाच-सहा फोडी करा. ज्याचं ताट वाढाल त्याच्या पचडीवर डबीतला एक चमचा भुरभुरा, एक फोड पिळा आणि ताटातच कालवा.

पचडीची सगळी युक्ती या चौथ्या पायरीत आहे.

मीठ घातलं की पाणी का सुटतं

लोणच्याला कैरी चिरून मीठ लावून ठेवतो तेव्हा काय होतं? रात्रीत भांड्यात खार सुटतो. ते पाणी आपण घातलेलं नसतं, कैरीतलंच असतं. मीठ भाजीच्या आतलं पाणी बाहेर ओढतं. कोबी कुरकुरीत लागते ती तिच्या आत पाणी गच्च भरलेलं असतं म्हणून. ते बाहेर आलं की पान लुळं पडतं. फुग्यातली हवा गेल्यासारखं.

म्हणून पचडीत मीठ घातल्यापासून वेळ मोजायची. दहा-पंधरा मिनिटं ती चांगली राहते, पुढं पाणी सुटायला लागतं. दाण्याचा कूट ते पाणी पितो आणि त्याचा चिखल होतो. माझ्या डब्यात नेमकं हेच झालं होतं.

मीठ, लिंबू आणि कूट ताटात पडले तर भांड्यातली कोबी तासभर, कधी दीड तासही करकरीत राहते. तेलाचा पातळ थर बसल्यामुळं ती सुकतही नाही. म्हणजे आठ वाजता जेवणारा मुलगा आणि साडेनऊला जेवणारी आई दोघांनाही एकसारखीच पचडी मिळते. त्याच मावशींच्या गावात पुढच्या बैठकीला मी अशीच नेली. मीठ तिथंच घातलं. मावशींनी खाल्ली आणि म्हणाल्या, "हां, आता वाजली."

शेवटचं ताट

आता थोडं अवघड बोलते. वयानं लहान आहे, लग्न झालेलं नाही, त्यामुळं "तुझं लग्न होऊ दे, मग कळेल" हे ऐकायची मला सवय झाली आहे. तरी बोलते.

पचडी कुरकुरीत राहिली तरी ती उरली पाहिजे. कुणी म्हणतं, "छान झालीय, अजून वाढ." आपण वाढतो. आपल्याला बरंही वाटतं. आणि शेवटी भांडं रिकामं. आपण मग भाकरी, ठेचा आणि उरलेलं वरण यांच्यावर भागवतो.

आता हे आकडे बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली जी मापं दिली, त्यात पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे आणि बाईला २९. दर महिन्याला पाळीत रक्त जातं, म्हणून बाईची गरज जास्त. म्हणजे ज्या माणसाला घरात सगळ्यात जास्त लोह लागतं, तेच माणूस सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी जेवतं. यात नवऱ्याचा नाहीतर सासूचा दोष शोधायला मी सांगत नाही. सासूबाईही सून होत्या तेव्हा असंच जेवल्या. पण रीत बघून रक्त वाढत नाही.

पाव किलो कोबीचे पाच वाटे केले तर एकाला सुमारे ५० ग्रॅम येते. त्यातून १५ मिलिग्रॅमच्या आसपास 'क' जीवनसत्त्व मिळतं, लिंबाचं वरून थोडं. बाईला दिवसाला ६५ लागतं. म्हणजे एका वाट्यात साधारण पाव गरज भागते, आणि तीसुद्धा नेमकी भाकरीसोबत. हा वाटा लहान नाही. तो गेला तर भरून यायला दुसरं काही त्या रात्री ताटात नसतं.

गटात आपण काय करतो? आधी बचत बाजूला काढतो, मग खर्च. उरलं तर बचत करू, असं म्हणणाऱ्या गटाची बचत कधीच होत नाही. पचडीलाही तोच नियम लावा. भांड्यात कालवली की पहिली एक वाटी तुमची, झाकून बाजूला. घरात गरोदर बाई किंवा वयात आलेली मुलगी असेल तर तिचीही. मीठ घातलेलं नसल्यामुळं ती खराब होणार नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगा, ही माझी आहे. पहिल्या दिवशी जड जाईल. आठवड्यानं घरच्यांना सवय होते.

आणि जमलं तर आठवड्यातून एकदा तरी सगळे सोबत जेवायला बसा. वेळ अमावस्येला शेतात बसतोच की आपण सगळे एका पंगतीला. भज्जी-आंबील खाताना आधी कोण नंतर कोण हे कुणी बघत नाही.

बैठकीत नेहमी येणारे प्रश्न

कच्च्या कोबीनं पोटात वारा धरतो, काय करावं?
काही जणींना धरतो. सुरुवातीला दोन चमचेच खा, हळूहळू वाढवा. फोडणीत चिमूटभर ओवा घाला. नीट चावून खा.

थायरॉइडची गोळी चालू आहे, चालेल का?
वाटीभर पचडीनं सहसा अडचण येत नाही. पण रोज भरपूर कच्ची कोबी खाण्याआधी डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करायची गोळी ज्यांना चालू आहे त्यांनीही विचारूनच खावी.

लहान लेकरांना द्यावी का?
द्यावी, पण अगदी बारीक चिरून, मिरची न घालता. शेंगदाणे अख्खे कधीही देऊ नका, घशात अडकतात. कूट बारीक करा.

पाण्याचा भरवसा नसेल तर?
पावसाळ्यात गावात जुलाबाची साथ असेल तेव्हा कच्चं खाऊ नका. कोबीला वाफ देऊन भाजी करा आणि ताटात वरून लिंबू पिळा. लिंबाचं काम तरी होईल.

उरलेली पचडी सकाळी खावी का?
नाही. रात्रीची रात्री संपवा. म्हणूनच माप बघून करा.

जेवण झाल्यावर चहा चालतो का?
इथं सगळ्यांचं तोंड पडतं. चहा लोहाला अडवतो. पचडीनं जे कमावलं ते चहानं घालवू नका. जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा. चहा सोडा म्हणत नाही, मी पण सोडलेला नाही.

पचडी खाल्ली तर लाल गोळी बंद करावी का?
मुळीच नाही. आशाताई देतात ती लोहाची लाल गोळी चालूच ठेवा. रक्त कमी झालेलं असेल तर एकट्या आहारानं ते लवकर भरून निघत नाही. गोळी चहा किंवा दुधासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घेतली तर चांगली लागू पडते. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती वेगळ्या वेळी घ्या.

कोबी नसेल तेव्हा

उन्हाळ्यात कोबी महाग होते आणि चांगलीही मिळत नाही. तिच्याच मागं लागायचं कारण नाही. पद्धत तीच ठेवा, भाजी बदला.

थंडीत कोवळी मेथी असते, तिचा घोळाना करा. करडईची कोवळी पानं कच्ची खायची रीत आपल्याकडं जुनीच आहे. मुळा त्याच्या पाल्यासकट चिरा. उन्हाळ्यात कांदा, कच्ची कैरी आणि मोड आलेली मटकी. मोड आणल्यानं कडधान्यातलं लोहही मोकळं व्हायला मदत होते. मूग डाळ तासभर भिजवून निथळून कोबीत घातली तर तीच पचडी पोटभरीची होते, शेतात न्यायलाही चांगली. मीठ-लिंबू मात्र बांधावर गेल्यावर घालायचं.

आपल्या दारात चार रोपं

किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. त्यानंतर लातूर-धाराशिव भागात घरं उभी करताना बायकांचे गट पुढं आले. प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेचं काम तिथूनच वाढलं. पुढं दुष्काळाच्या वर्षांत या बायकांनी घरच्या जमिनीतला एकरभर तुकडा स्वतःच्या हातात मागून घेतला. त्यात धान्य, डाळी, भाजीपाला असं खायचं पीक लावलं. आधी घरच्या ताटात, उरलं तर बाजारात. त्या कामाला २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. आपल्याच भागातल्या, आपल्यासारख्याच बायका आहेत या.

सगळ्यांना एकर मिळत नाही. पण उमेद अभियानातून पोषण परसबाग लावायला आपण शिकलोय. त्याच परसबागेत थंडीसाठी कोबीची आठ-दहा रोपं लावा. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा लावायचा काळ. महिनाभराचं रोप दीड-दीड फुटावर लावा. अडीच-तीन महिन्यांत गड्डा तयार होतो. सगळी एकदम लावू नका, पंधरा-पंधरा दिवसांनी तीन-चार लावा, म्हणजे गड्डे एकदम येणार नाहीत.

कडेनं मोहरी पेरा. कोबी पोखरणारी अळी ज्या पतंगाची असते, त्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला मोहरी जास्त आवडते. तो अंडी तिकडं घालतो आणि कोबीवरचा भार कमी होतो. मोहरीवर अळ्या दिसल्या की ती पानं तोडून नष्ट करा. घरच्या कोबीवर औषध मारावं लागलं नाही तर धुण्याची धास्तीही कमी होते.

या महिन्यात एवढं करा

आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहे, पण बैठकीत ते शेवटच्या पाच मिनिटांत उरकतं. या महिन्यात तसं नको. दोन कामं सांगते.

एक, गटातल्या सगळ्या जणींनी उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ पेक्षा कमी आलं तर रक्त कमी आहे असं समजा. गरोदर असाल तर ही रेघ ११ ची आहे. आकडा बचतीच्या वहीत नाही, तुमच्या स्वतःच्या कागदावर लिहून ठेवा. कमी असेल तर लाजायचं काही नाही, सिस्टरांशी बोला. "लोहा तालुक्यात राहून लोह कमी" असा विनोद आमच्या एका गटात चालतो. हसायला ठीक आहे, पण नंतर गोळी घ्यायची.

दोन, आठवड्यातून चार दिवस तरी रात्रीच्या जेवणात पचडी करा आणि आपली वाटी आधी काढून ठेवा. पुढच्या बैठकीत मी पचडी कशी झाली हे विचारणार नाही. ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलीच जमते. मी एवढंच विचारणार आहे, तुमच्या ताटात आली का, आणि आली तेव्हा वाजली का?

तुमची,
क्षेत्र समन्वयक